व्हॅम्पायरच्या कार्डावरचा अर्थ हात वर करून ठरवू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या रविवारच्या पुरवणीत पत्त्यांच्या नव्या खेळांवर लेख आला होता, त्यात ‘व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल’चं नाव बघून खरंच खूप बरं वाटलं, कारण आपल्याकडे हा खेळ फार थोडे लोक खेळतात आणि मराठी पेपरात त्याबद्दल छापून आलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. खेळाचं वर्णनही छान केलंय. पण कार्डांवरच्या संदिग्ध वाक्यांबद्दल त्यात जो सल्ला दिलाय तो मला अजिबात पटला नाही, आणि तो वाचून नवीन पोरंपोरी खेळायला बसली तर त्यांचा विरस होईल असं मनापासून वाटतं म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, जमेल तेवढं छापा.

लेखात म्हटलंय की कार्डावरच्या वाक्याचे दोन अर्थ निघत असतील तर टेबलावरच्या सगळ्यांनी हात वर करून ठरवावं, बहुमत ज्या बाजूला तो अर्थ घ्यावा आणि पुढे खेळावं. आणि त्याच्याच खाली असंही आलंय की या खेळाचा गोल्डन रूलच असा आहे की कार्ड नियमांपेक्षा मोठं, त्यामुळे नियमपुस्तक फारसं बघावं लागत नाही. यातली पहिली गोष्ट या खेळात सरळसरळ अन्यायाची आहे, आणि दुसरी अर्धीच सांगितलेली आहे.

ज्यांनी खेळ बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शक्यतो पाच जण गोल बसतात. प्रत्येक जण एक मेथुसेलाह, म्हणजे अतिशय जुना, पडद्यामागून सूत्रं हलवणारा व्हॅम्पायर. सुरुवातीला प्रत्येकाकडे ३० पूल, म्हणजे ताकदीची शिल्लक, असतो, त्यातूनच तुम्ही आपले व्हॅम्पायर टेबलावर आणता, त्यातूनच बंदुका वगैरे घेता, आणि तो संपला की तुम्ही बाद. आता महत्त्वाचं म्हणजे बसण्याची जागा. तुमच्या डावीकडचा तो तुमचा प्रे, म्हणजे तुमची शिकार, आणि उजवीकडचा तुमचा प्रीडेटर, त्याची शिकार तुम्ही. प्रे बाद झाला की तुम्हाला एक व्हिक्टरी पॉइंट मिळतो, वर ६ पूल मिळतो, आणि त्याच्या पलीकडे बसलेला तुमचा नवा प्रे होतो. असं फिरत फिरत जातं.

आता अशा टेबलावर मतदान करून बघा. समजा मी माझ्या प्रेवर एक कार्ड टाकलं आणि त्या कार्डाच्या अर्थावरून आमचं जुंपलं. माझ्या प्रेचा प्रे काय म्हणेल? त्याला त्याचा प्रीडेटर दुबळा झालेला हवाच असतो, तो माझ्या बाजूने हात वर करेल. माझ्या मागचा, म्हणजे माझा प्रीडेटर, त्याला मी ६ पूल मिळवून टम्म झालेलो नकोय, तो माझ्या विरुद्ध जाणार. आणि उरलेला पाचवा हिशोब करत बसेल की आत्ता कोण पडलं तर आपल्याला सोयीचं. म्हणजे पाचही जण आपापल्या खुर्चीवरून मत देणार, आणि कार्डावरच्या वाक्याचा अर्थ काय यावर कोणाचंच मत नसणार. यात लोक वाईट आहेत असं नाही हो, खेळच तसा बांधलेला आहे, टेबलावर त्रयस्थ माणूस कोणी उरतच नाही. मेंढीकोटात घरोघरी नियम वेगळे चालतात, चालू देत, तिथे पानावर बदाम आणि चौकट यापलीकडे काही लिहिलेलं नसतं त्यामुळे घरातल्यांनी जे ठरवलं ते ठरवलं. इथे प्रत्येक कार्डावर स्वतःचं एक वाक्य आहे आणि त्या वाक्याच्या भरवशावर माणसाने घरी बसून ६० ते ९० कार्डांची लायब्ररी, म्हणजे खेळायच्या पत्त्यांची गड्डी, रचलेली असते. ते वाक्य टेबलावर मतदानाने बदलणार असेल तर त्याने रचायचं तरी कशाच्या जोरावर?

इथे कोणी म्हणेल की या खेळात तर सगळं वाटाघाटीवरच चालतं. बरोबर आहे, सौदे करणं हा याचा प्राण आहे, ‘तू आत्ता मला ब्लॉक करू नको, म्हणजे अडवू नको, पुढच्या टर्नला मी तुला मत देतो’ असं दिवसभर चालू असतं आणि तो सौदा मोडला तरी नियम मध्ये पडत नाहीत. पण सौदा असतो तो पुढे आपण काय करणार याचा. कार्डावर काय छापलंय याचा सौदा होत नाही.

मुळात वाक्यं इतकी संदिग्ध का झाली हे लेखात आलंच नाही, ते सांगायला हवं होतं. हा खेळ रिचर्ड गारफिल्डने बनवला, विझर्ड्स ऑफ द कोस्टने १९९४ मध्ये काढला, तेव्हा त्याचं नाव ‘जिहाद’ होतं, स्पेलिंग जरा वेगळं पण उच्चार तोच. १९९५ मध्ये नाव बदलून आत्ताचं केलं. मग काही वर्षं थंड पडला, २००० मध्ये व्हाइट वुल्फने परत सुरू केला, २०१० मध्ये छपाई थांबली, मधल्या काळात व्हीईकेएन या खेळाडूंच्या संघटनेने तो जिवंत ठेवला आणि २०१८ पासून ब्लॅक चँट्री प्रॉडक्शन्सने परत छपाई चालू केली. एवढ्या हातांतून गेलेला खेळ. एकच कार्ड चार वेळा छापलं गेलंय आणि चारही वेळा वाक्य थोडं थोडं वेगळं आहे, कारण आधीच्या वाक्यावरून कुठेतरी भांडण झालेलं असतं म्हणून पुढच्यांनी ते घट्ट केलं. जुन्या कार्डांवर ‘टॅप’, ‘अनटॅप’ आहे, नव्यांवर ‘लॉक’, ‘अनलॉक’, म्हणजे काम झालेलं कार्ड आडवं करणं आणि परत उभं करणं. आणि नियम असा आहे की तुमच्या हातातलं कार्ड कितीही जुनं असो, चालणार सध्याचा अधिकृत मजकूर. लेखात हे एक वाक्य जरी आलं असतं तरी मला हे पत्र लिहावं लागलं नसतं, कारण निम्मी भांडणं तिथेच मिटतात. दोघं जण एकाच नावाच्या कार्डावरून भांडत असतात आणि एकाच्या हातात १९९४ चं असतं, दुसऱ्याच्या हातात नवीन, दोघांनाही आपलंच बरोबर दिसत असतं कारण दोघंही छापलेलंच वाचत असतात.

गारफिल्डला तरी याची कल्पना नव्हती असं नाही. त्याच्याच आधीच्या खेळाचा, १९९३ च्या ‘मॅजिक’चा किस्सा पत्ते खेळणाऱ्यांत प्रसिद्ध आहे. खेळ बाजारात यायच्या आधी मित्रांत चाचणी चालू होती आणि एका कार्डावर लिहिलं होतं ‘ओपोनंट लूझेस नेक्स्ट टर्न’. लिहिणाऱ्याच्या मनात होतं की समोरच्याची पुढची पाळी जाते, बस. एक खेळाडू येऊन सांगायला लागला की माझ्याकडे असं कार्ड आलंय की ते टाकलं की पुढच्या टर्नला समोरचा हरलाच. चार शब्दांचं वाक्य, आणि वाचणाऱ्याने काहीही चुकीचं वाचलेलं नव्हतं.

आता गोल्डन रूल. कार्ड आणि नियम यांचा जिथे विरोध येतो तिथे कार्डाचं चालतं, एवढंच तो म्हणतो. जिथे विरोध येतो तिथे. कार्ड गप्प असेल तर तो विरोध नव्हे, तिथे नियम जसाच्या तसा उभा असतो. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो यावर. ‘कार्डावर कुठे लिहिलंय की दोनदा खेळता येणार नाही?’ असं अगदी आत्मविश्वासाने विचारलं जातं. कार्डावर नाहीच लिहिलेलं, लिहायची गरजच नाही, कारण एका अॅक्शनमध्ये, म्हणजे एका चालीत, एकाच मिनियनने (टेबलावरच्या तुमच्या पात्राने) तेच अॅक्शन मॉडिफायर, म्हणजे चालीला जोड देणारं कार्ड, दुसऱ्यांदा खेळायचं नाही हे नियमपुस्तकातच आहे. बंदी छापलेली नाही म्हणजे परवानगी आहे असं होत नाही. तसंच कोण ब्लॉक करू शकतं याचं. अॅक्शनवर ‘डी’ची खूण असेल तर ज्याच्यावर अॅक्शन आहे तोच ब्लॉक करायला बघू शकतो, खूण नसेल तर प्रे आणि प्रीडेटर दोघंही. कार्डावर ब्लॉकबद्दल चकार शब्द नसला तरी हे लागू असतंच. म्हणजे नियमपुस्तक बघावं लागत नाही हे लेखातलं वाक्य उलटं आहे, नियम पक्का माहीत असल्याशिवाय कार्ड कुठे वेगळं बोलतंय हे कळणारच नाही.

एक उदाहरण जरा सावकाश सांगतो, कारण शब्द न शब्द कसा मोजावा लागतो ते त्यात दिसतं. ‘पॉइंट फोर्टी फोर मॅग्नम’ नावाचं बंदुकीचं कार्ड आहे, अगदी पहिल्या छपाईपासूनचं, जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी वापरलेलं. त्यावर आहे की प्रत्येक स्ट्राइकला (वाराला) दोन डॅमेज (इजा), आणि प्रत्येक कॉम्बॅटला (मारामारीला) एक मॅन्युव्हर (जवळ-लांब अंतर बदलायची हालचाल), घ्यायचं तर घ्या. म्हणजे ‘ईच’ हा शब्द दोनदा आला, एकदा स्ट्राइकबरोबर आणि एकदा कॉम्बॅटबरोबर. आता टेबलावर काय होतं बघा. बंदूकवाल्याची अॅक्शन ब्लॉक झाली, मारामारी सुरू झाली. लढाई मुळात क्लोज रेंजला असते, याने बंदुकीचं मॅन्युव्हर वापरून ती लाँग रेंजला नेली, समोरच्याच्या हाताचा ठोसा तिथे पोचत नाही, याने दोन डॅमेज घातले. समोरच्याने प्रेस, म्हणजे लढाई पुढे चालू ठेवायची चाल, खेळून दुसरा राउंड (फेरी) लावला. नवीन राउंड म्हणजे रेंज परत पहिल्यापासून ठरणार. बंदूकवाला म्हणतो मी परत मॅन्युव्हर करतो, कार्डावर ‘ईच’ लिहिलंय ना. समोरचा म्हणतो तो ‘ईच’ स्ट्राइकचा आहे. दोघंही तावातावाने बोलताहेत.

इथे मत द्यायची गरज आहे का? अजिबात नाही. मॅन्युव्हर ज्या तुकड्यात आहे त्या तुकड्यात ‘ईच कॉम्बॅट’ आहे, आणि राउंड म्हणजे कॉम्बॅट नव्हे, एका कॉम्बॅटमध्ये कितीही राउंड होऊ शकतात हे नियमपुस्तकात स्वच्छ आहे. त्याचं या कॉम्बॅटचं मॅन्युव्हर संपलं. आता रेंज क्लोजच राहिली, आणि समोरच्याने ‘इम्मॉर्टल ग्रॅपल’ टाकलं, जे फक्त क्लोज रेंजला, स्ट्राइक निवडायच्या आधीच खेळता येतं. त्यावर आहे की या राउंडमध्ये हँड स्ट्राइक (हाताचा ठोसा) सोडून दुसरा स्ट्राइक वापरता येणार नाही. बंदूक गेली. मग बंदूकवाला म्हणतो ठीक आहे, मी डॉज करतो, डॉज म्हणजे काही मारणं नाही, नुसतं चुकवणं आहे. ऐकायला पटतं की नाही? पण या खेळात डॉज हाही एक प्रकारचा स्ट्राइकच आहे, ‘कॉम्बॅट एंड्स’ हाही स्ट्राइकच आहे, आणि ते हँड स्ट्राइक नाहीत, म्हणून तेही बंद. आणि आणखी एक, ही बंदी फक्त समोरच्यावर आहे असं कार्ड म्हणत नाही. ज्याने ग्रॅपल टाकलं त्याच्याही हातात शस्त्र असेल तर त्यालाही ते त्या राउंडला वापरता येत नाही. हे लोक फार सहज विसरतात, आपणच टाकलेलं कार्ड आपल्यालाही बांधतं हे पटकन डोक्यात येत नाही.

मी हे एवढं लांबण लावून सांगतोय कारण या सगळ्या वादात एकही जागा अशी नाही की जिथे खरोखर दोन अर्थ होते. वाक्य अवघड होतं, पण संदिग्ध नव्हतं. माझ्या अनुभवात बहुतेक भांडणं अशीच असतात. आणि हात वर करून ठरवलं असतं तर बंदूकवाल्याला दुसरं मॅन्युव्हर मिळूनही गेलं असतं, कोणाच्या खुर्चीला काय सोयीचं त्यावर.

दुसरा एक प्रकार म्हणजे कथेवरून अर्थ लावणं. व्हॅम्पायरांचं जग फार रंगवून उभं केलेलं आहे, चित्रं सुंदर आहेत, कार्डांवर त्यांच्या गोष्टी छापलेल्या असतात आणि माणूस त्यात रमतो, मीही रमतो. पण ‘गव्हर्न द अनअलाइन्ड’ नावाचं कार्ड घ्या. अशा कार्डांवर साधा आणि वरचा असे दोन परिणाम छापलेले असतात, आणि याच्या वरच्या पातळीला असं आहे की ब्लड बँकेतून (सामाईक साठ्यातून) ३ रक्त तुमच्या अनकंट्रोल्ड, म्हणजे अजून खेळात न आणलेल्या, भागातल्या एखाद्या ‘यंगर’ व्हॅम्पायरवर ठेवा. यंगर कोण? मी स्वतः ऐकलेला युक्तिवाद असा की माझा हा व्हॅम्पायर गोष्टीत चारशे वर्षं जुना आहे आणि तो दुसरा दोनशे वर्षांचा, म्हणजे तो यंगरच झाला, मग दोघांची कपॅसिटी, म्हणजे कार्डावर छापलेली रक्त धरायची क्षमता, ६ का असेना. किती गोड युक्तिवाद आहे! पण या खेळात वय म्हणजे कपॅसिटी. जास्त कपॅसिटीचा तो ओल्डर, कमीचा तो यंगर, आणि दोघांची सारखी असेल तर कोणीच कोणापेक्षा लहान नाही, म्हणजे त्या कार्डाने त्याच्यावर रक्त ठेवता येत नाही. ‘यंगर’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला वाटला तरी खेळाने त्याला स्वतःचा अर्थ दिलेला आहे, आणि असा अर्थ दिलेला असेल तर दुसरीकडे बघायचंच नाही, गोष्टीत नाही, चित्रात नाही आणि डिक्शनरीत तर नाहीच.

काही वेळा वाक्य एकदम स्वच्छ असतं पण ‘कधी’ हे त्यात नसतं. ‘काइन रिसोर्सेस कंटेस्टेड’ हे राजकारणाचं कार्ड आहे, ४ पॉइंट दोन किंवा जास्त मेथुसेलाहमध्ये वाटायचे, ठराव पास झाला की ज्याला जेवढे दिले तेवढा त्याचा पूल जळणार. आता हे वाटप कधी जाहीर करायचं? कार्ड टाकतानाच सांगितलं तर ज्याच्या नावावर ३ आहेत तो जिवाच्या आकांताने ब्लॉक करेल आणि ज्याच्या नावावर काही नाही तो खुशाल सोडून देईल. नंतर सांगायचं असेल तर दोघंही अंधारात. खेळ पूर्ण बदलतो इथे! उत्तर कार्डावर नाही, नियमपुस्तकात आहे, आधी अॅक्शन यशस्वी व्हायला हवी, मग ठरावाच्या अटी ठरवायच्या आणि मग मतं टाकायची. म्हणून ‘आधी सांग कोणाला किती देणार, मग मी ब्लॉक करायचं का ते ठरवतो’ असं म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. द्यायचं तर द्या, तो तुमचा सौदा. आणि त्याच कार्डात ‘मेथुसेलाह’ असं आहे, ‘इतर मेथुसेलाह’ असं नाही, म्हणजे स्वतःच्या नावावर एखादा पॉइंट घ्यायलाही कार्डाची मनाई नाही, आणि कधीकधी मतं मिळवण्यासाठी तेही कामाला येतं.

‘मॅजेस्टी’चं पण तसंच. स्ट्राइक म्हणून वापरलं की कॉम्बॅट संपतं, आणि वरच्या पातळीला तो व्हॅम्पायर अनलॉकही होतो. नवीन माणूस विचारतो की ब्लॉक करणाऱ्याला अनलॉकचा काय उपयोग, तो तर उभाच होता. तो उभा नव्हता, ब्लॉक यशस्वी झाला की ब्लॉक करणारा लॉक होतो आणि मग मारामारी सुरू होते. क्रम माहीत असला की वाक्य आपोआप उलगडतं. आणि लॉक असलेल्या व्हॅम्पायरला जागं करणाऱ्या कार्डांवर ‘अनलॉक्ड असल्यासारखं’ ब्लॉक करता येईल असं असतं, तिथे ‘असल्यासारखं’ हे विसरायचं नाही, तो व्हॅम्पायर लॉकच असतो, तेवढ्या कामापुरती त्याला सूट आहे.

आता लेखकाच्या बाजूने जे बोलता येईल तेही मला मान्य आहे. एवढं सगळं करूनही काही वाक्यं खरोखरच दोन्हीकडे झुकतात, नियमपुस्तकही तिथे मदत करत नाही. ‘अॅज अबव्ह’, म्हणजे वरच्याप्रमाणेच, असं लिहून पुढे एक फरक सांगितलेला असतो आणि वरच्यातलं नेमकं काय काय खाली आलं याचा उलगडाच होत नाही. तिथे काय करायचं? स्पर्धेत प्रश्नच नाही, जज असतो, त्याला बोलवायचं, तो सांगेल ते त्या टेबलावर चालेल, आणि मोठ्या शंकांवर व्हीईकेएनकडून अधिकृत रुलिंग येतात, ती सगळ्यांना बघायला मिळतात. पण आपल्याकडे हा खेळ घरातच चालतो, कोणाच्या तरी गच्चीवर नाहीतर हॉलमध्ये, तिथे जज कुठून आणणार? आम्ही पुण्यात जे करतो ते सांगतो, कोणाला उपयोग झाला तर बघा. जो त्या टेबलावर बसलेला नाही अशा एकाला फोन लावायचा, आणि प्रश्न सांगताना नावं घ्यायची नाहीत. ‘क’ने हे टाकलं, ‘ख’ला हे करायचंय, कार्डावरचं वाक्य असं असं. कोण कोणाचा प्रे आहे, कोणाकडे किती पूल उरलाय, काहीही सांगायचं नाही. तो जे सांगेल ते संध्याकाळभर सगळ्यांना लागू, ज्याच्या फायद्याचं होतं त्यालाही पुढे त्याच अर्थाने तोटा झाला तरी. घरी गेल्यावर शोधून बघायचं आणि अधिकृत उत्तर सापडलं की वहीत लिहून ठेवायचं, पुढच्या वेळी वहीतलं चालणार. आणि ज्याला आपल्या डेकमधल्या एखाद्या कार्डाबद्दल शंका आहे त्याने ती डाव सुरू व्हायच्या आधी, पत्ते पिसायच्याही आधी विचारायची. तेव्हा कोणालाच माहीत नसतं की या उत्तराचा फायदा कोणाला होणार आहे, त्यामुळे उत्तरं फार शहाणपणाची येतात.

आणि आणखी एक सवय आम्ही लावून घेतली आहे. शंका आली की कार्ड उचलून इंग्रजीत जसं छापलंय तसं पूर्ण मोठ्याने वाचायचं. मराठीत ‘अरे म्हणजे तो कोणालाही मारू शकतो’ असं सांगून चालत नाही, सांगताना माणूस नकळत आपल्याला हवा तो अर्थ सांगतो. वाद मराठीत घाला, जरूर घाला, पण वाक्य छापलेलं वाचून मग.

हे सगळं मी इतक्या कळकळीने का लिहितोय तेही सांगतो. आमच्याकडे एक कॉलेजातली मुलगी खेळायला यायची. शांत, कमी बोलणारी, पण कार्ड वाचण्यात आमच्यापेक्षा कितीतरी पुढे. दुसऱ्या एका गटाच्या टेबलावर ती बसली होती, आणि तिने नेमका तो यंगरचाच मुद्दा काढला, समोरच्याला म्हणाली कपॅसिटी सारखी आहे, तुला रक्त ठेवता येणार नाही. बाकीच्यांनी हात वर केले आणि तिला चारास एक करून गप्प बसवलं. पुढच्या काही टर्नमध्ये त्याच ३ रक्ताच्या जोरावर आलेल्या व्हॅम्पायरने तिला बाद केलं. तिचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं. ती परत आली नाही. अशा वेळी जिंकतो तो मोठ्याने बोलणारा, जुना असलेला, ज्याचे टेबलावर दोन मित्र आहेत तो. आणि आपल्या पेपरात छापून आलेला सल्ला नेमका त्याच्या हातात काठी देतो, म्हणून मला राहवलं नाही.

मराठी मुलांनी हा खेळ खेळावा असं मला फार वाटतं. एका डावात वाचन आहे, हिशोब आहे, माणूस ओळखणं आहे, दिलेला शब्द पाळायचा की नाही याचा विचार आहे. पाच माणसं दोन दोन तास मोबाइलला हात न लावता समोरासमोर बसतात. त्यासाठी लेखकाचे आभारच मानायला हवेत, त्यांनी हा खेळ इतक्या लोकांपुढे आणला.

फक्त पुढच्या पुरवणीत दोन गोष्टींची दुरुस्ती छापावी अशी विनंती आहे. एक, गोल्डन रूल हा कार्ड आणि नियम यांचा विरोध असेल तेवढ्यापुरताच आहे आणि बाकी सगळीकडे नियमपुस्तक लागू आहे. दोन, कार्डाचा अर्थ खेळाडूंच्या मतदानाने ठरत नाही, सध्याच्या अधिकृत मजकुरावरून ठरतो आणि स्पर्धेत जज तो सांगतो. आणि लेखाबरोबर जो फोटो छापलाय त्यातली कार्डं ‘जिहाद’च्या वेळची आहेत, त्यांच्यावर अजून ‘टॅप’ लिहिलेलं स्पष्ट दिसतंय. फोटो सुंदर आहे, राहू दे, पण त्याच्याखाली एक ओळ टाका की ही १९९४ ची छपाई आहे आणि खेळताना नवीन मजकूर बघावा, कारण जुन्या पेट्या विकत घेऊन सुरुवात करणारे बरेच जण असतात आणि त्यांना हे कोणीच सांगत नाही.

आपला,
एक वाचक
कोथरूड, पुणे